एकच शब्द, गावोगावी वेगळा अर्थ: स्लाव्हिक भाषांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियात डॉक्टरकी शिकणारी मुलं, नोकरीसाठी प्राग किंवा वॉर्सात राहणारी मंडळी, मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन पर्यटकांशी रोज बोलणारे गोव्यातले दुकानदार यांच्याकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. परके शब्द उच्चाराच्या जवळ जाईल असे देवनागरीत लिहिले आहेत. त्यात 'झ' हा 'झरा'मधला समजावा.

१. स्लाव्हिक भाषा कोणकोणत्या? एक आली की बाकीच्या समजतात का?

पूर्वेकडे रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन. पश्चिमेकडे पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीत तग धरून असलेली छोटी सोर्बियन. दक्षिणेकडे बल्गेरियन, मॅसिडोनियन, सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन आणि स्लोव्हेनियन. बोलणारे सगळे मिळून ३० कोटींच्या आसपास. पाणी, आई, बहीण, हात, दोन, तीन यांचे शब्द जवळजवळ सगळीकडे सारखे असल्यामुळे शेजारची भाषा अर्धीमुर्धी कळते. खरी अडचण इथेच सुरू होते. जो शब्द कळत नाही त्याचा अर्थ आपण विचारतो, पण जो कळल्यासारखा वाटतो तो विचारायचं मनातही येत नाही.

२. शब्द तोच राहून अर्थ उलटा कसा होतो?

मराठी माणसाला हे घरबसल्या कळण्यासारखं आहे. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत 'संसार' म्हणजे जग, आपल्याकडे दोघांनी मांडलेलं घर. मूळ शब्द एकच, पण दोन्ही घरांत तो वेगवेगळ्या कामाला लागला.

स्लाव्हिक भाषांचंही तसंच झालं. ८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीहून मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक-स्लोव्हाक भागात, धर्मप्रसारासाठी गेले. त्यांनी आपल्या गावाकडची स्लाव्हिक बोलीच वापरली आणि ती तिथल्या लोकांना समजली. साडेअकराशे वर्षांपूर्वी अंतर एवढं कमी होतं. पुढे राज्यं, पंथ आणि लिप्या वेगळ्या झाल्या आणि शब्दांनी आपापल्या वाटा धरल्या.

माझं आवडतं उदाहरण पावाचं आहे. चेक बेकरीत 'चेर्स्त्वी' पाव मागा, तुम्हाला ताजा मिळेल. रशियात 'चोर्स्त्वी' पाव म्हणजे शिळा, वाळून कडक झालेला. मूळ अर्थ होता घट्ट, टणक. टणक माणूस धडधाकट असतो, म्हणून चेकमध्ये तो शब्द तरतरीत आणि मग ताजा या अर्थाला गेला. टणक पाव मात्र शिळाच असतो, म्हणून रशियनमध्ये तो उलट्या टोकाला पोचला. पोलिशने दोन्ही अर्थ जपले आहेत. 'चेर्स्त्वी' शब्द पावाला लावला तर शिळा, आजोबांना लावला तर अजून ठणठणीत. अशी मधली भाषा सापडली की वळण कुठे पडलं ते स्वच्छ दिसतं.

३. प्रागमध्ये फाटकावर 'पोझोर! पेस' अशी पाटी असते. माझा रशियन मित्र ती वाचून चक्रावला. का?

चेकमध्ये तिचा अर्थ 'सावधान, कुत्रा आहे'. रशियन कानाला तेच 'शरम! कुत्रा' असं ऐकू येतं. 'पेस' दोघांकडे कुत्राच, घोळ सगळा 'पोझोर'चा.

मुळात पाहणे या अर्थाचा धातू आहे. चेकमध्ये 'बघ, नजर ठेव' यातून सावधगिरी आली. सर्बियनमध्ये 'पोझोरिश्ते' म्हणजे नाट्यगृह, जिथे जाऊन बघायचं ती जागा. जुन्या रशियनमध्येही या शब्दाचा अर्थ देखावा असाच होता. मग चारचौघांसमोर झालेला देखावा, आणि त्यातून नाचक्की. आपला 'तमाशा' आठवा. फडावर उभा राहतो तोही तमाशा आणि 'लोकांसमोर तमाशा करू नकोस' यातलाही तमाशाच.

एक बारकावा: रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' हा 'अ'सारखा ऐकू येतो, म्हणून तिथे उच्चार 'पझोर'च्या जवळ जातो. लिहिताना रूप तेच. पुढच्या बऱ्याच रशियन शब्दांना हे लागू आहे.

४. मॉस्कोच्या लाल चौकाचं नाव साम्यवादामुळे पडलं ना?

नाही. हे नाव १७व्या शतकातलं आहे, क्रांतीच्या किती तरी आधीचं. जुन्या रशियनमध्ये 'क्रास्नी' म्हणजे सुंदर. चेकमध्ये आजही तोच अर्थ आहे. आधुनिक रशियनमध्ये तो शब्द 'लाल'वर जाऊन बसला, पण जुना अर्थ कोपऱ्यांत उरला आहे. लोककथांमधली 'क्रास्ना' मुलगी सुंदर असते, आणि जुन्या घरात देवाच्या तसबिरी ठेवायचा मानाचा कोपरा 'क्रास्नी' कोपरा म्हणवतो.

मग बाकीचे स्लाव्ह लालला काय म्हणतात? चेकमध्ये 'चेर्वेनी', पोलिश आणि युक्रेनियनमध्ये 'चेर्वोनी', बल्गेरियनमध्ये 'चेर्वेन'. हा शब्द 'चेर्व', म्हणजे किडा, यावरून आला, कारण लाल रंग किड्यांपासून काढत. 'चेर्व' आणि संस्कृत 'कृमि' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात आणि त्याच घराण्यातून आपला 'किरमिजी' आला. किरमिजी शालू आणि पोलंडचा लाल-पांढरा झेंडा, दोघांच्या रंगाचं नाव त्याच किड्यावरून पडलं आहे.

५. मी रशियात वैद्यकीय शिक्षण घेतलं, आता सर्बियन रुग्ण भेटतात. 'झिवोत'चा अर्थ नक्की काय धरू?

रशियनमध्ये 'झिवोत' म्हणजे पोट, युक्रेनियनमध्ये 'झिवीत'ही पोटच. सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियन आणि चेकमध्ये मात्र 'झिवोत' म्हणजे आयुष्य. तुमचा सर्बियन रुग्ण 'झिवोत'बद्दल तक्रार करत असेल तर पोट तपासण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

धातू तोच, जो आपल्या 'जीव'मध्ये आहे. रशियनमध्येही पूर्वी अर्थ जीवन हाच होता. जिवावर उदार होऊन लढण्याला तिथे अजून 'झिवोतासाठी नव्हे, मरणासाठी' अशा शब्दांत म्हणतात. जीव जिथे राहतो ती जागा म्हणजे पोट, असा तो सरकला. आपणही पोटापाण्याला लागतो आणि पोटासाठी वणवण करतो, तेव्हा पोट म्हणजे आयुष्यच असतं. उलट दिशेनं आपण तिथेच पोचलो आहोत.

६. सुगंध आणि दुर्गंध, सुंदर आणि कुरूप असे शब्द अदलाबदल का होतात?

भावनेचे शब्द लवकर घसरतात. मुळात तटस्थ असतात, मग एक भाषा त्यांना वर चढवते, दुसरी खाली उतरवते. चेकमध्ये 'वून्ये' म्हणजे सुगंध, रशियनमध्ये 'वोन्य' म्हणजे घाण वास. 'झापाख' बरोबर उलटा, रशियनमध्ये साधा वास, चेकमध्ये दुर्गंध. मराठीत 'फुलांचा वास' छान असतो, पण 'वास येतोय' एवढंच म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात. आपला शब्दही अर्ध्या वाटेवर आहे.

पोलिश 'उरोदा' म्हणजे सौंदर्य. रशियन 'उरोद' म्हणजे कुरूप, व्यंग असलेला. चेक 'ऊरोदा' म्हणजे शेतातलं पीक. तिन्हींत जन्माचा, उपजण्याचा धातू आहे. चांगलं उपजलं तर रूप किंवा पीक, वाईट उपजलं तर व्यंग. चेक 'ऊझासनी' म्हणजे अप्रतिम आणि रशियन 'उझास्नी' म्हणजे भयंकर, हेही याच प्रकारचं. आपण 'भयंकर आवडलं' म्हणतोच की.

७. वेळ, तास, वर्ष, आठवडा यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एकदा नीट सांगाल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि भेटीगाठी खरोखर चुकतात.

'चास': चेक, पोलिश, युक्रेनियन आणि स्लोव्हेनियनमध्ये वेळ, रशियन आणि बल्गेरियनमध्ये तास.

'गोदिना': सर्बियन, क्रोएशियन, बल्गेरियनमध्ये वर्ष, युक्रेनियनमध्ये तास. पोलिशमध्ये 'गोजिना' आणि चेकमध्ये 'होदिना' हेही तासच. मुळात हा शब्द 'योग्य वेळ' असा होता. ती वेळ केवढी लांब धरायची ते ज्याचं त्यानं ठरवलं. युक्रेनियन माणसानं एक 'गोदिना' थांबायला सांगितलं तर थांबा. बल्गेरियन माणसानं सांगितलं तर घरी जा.

'रोक': चेक आणि पोलिशमध्ये वर्ष. क्रोएशियन, सर्बियन, स्लोव्हेनियनमध्ये मुदत, म्हणजे अर्ज भरायची शेवटची तारीख. रशियनमध्ये नियती, प्राक्तन. धातू 'बोलणे'चा आहे. जे बोललं गेलं, ठरलं, ते 'रोक'. माणसांनी ठरवलं तर मुदत, देवानं ठरवलं तर नशीब, आणि ठरलेल्या काळानं फिरून येतं ते वर्ष.

'लेतो': रशियनमध्ये उन्हाळा, स्लोव्हेनियनमध्ये वर्ष. पण रशियनमध्येही पाच वर्षं मोजताना 'पाच उन्हाळे' असंच म्हणतात, त्या आकड्यानंतर वर्षाचा नेहमीचा शब्द बदलून 'ल्येत' येतो. आपल्याकडे वडीलधारी माणसं चार पावसाळे जास्त पाहिल्याचं सांगतात, आणि 'वर्ष' हा शब्द स्वतःच पावसावरून आला आहे. त्यांनी ऊन मोजलं, आपण पाऊस मोजला.

'नेदेल्या': रशियनमध्ये आठवडा, युक्रेनियन, पोलिश, चेक, बल्गेरियनमध्ये त्याच शब्दाच्या रूपांचा अर्थ रविवार, सर्बियनमध्ये दोन्ही. शब्दशः 'काम न करण्याचा' दिवस. रशियनांनी रविवारला पुनरुत्थानाचं नाव दिलं आणि मोकळा झालेला शब्द अख्ख्या आठवड्याला लावला. तरी सोमवारला ते अजून 'पोनेदेल्निक', म्हणजे 'नेदेल्या'नंतरचा दिवस, असंच म्हणतात. जुना रविवार तिथे जपून राहिला आहे.

८. 'लिस्तोपाद' म्हणजे ऑक्टोबर की नोव्हेंबर?

क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. चेक, पोलिश आणि युक्रेनियनमध्ये नोव्हेंबर. अर्थ सगळीकडे पानगळ. चेक लोकांची मखमली क्रांती, म्हणजे साम्यवादी राजवट शांततेनं हटवणारं आंदोलन, १७ लिस्तोपाद १९८९ रोजी सुरू झाली, ती १७ नोव्हेंबरला. क्रोएशियानं युगोस्लाव्हियाशी संबंध तोडले ते ८ लिस्तोपाद १९९१ रोजी, म्हणजे ८ ऑक्टोबरला. कागदपत्रं भाषांतरित करणाऱ्यांनी हे पाठच करावं.

बाकीचे महिनेही असेच सरकलेले आहेत. विळ्याचा महिना, म्हणजे कापणीचा, क्रोएशियात जुलै, तर चेक, पोलिश, युक्रेनियनमध्ये ऑगस्ट. लिंडेनचं झाड फुलण्याचा महिना क्रोएशियात जून, पोलंड-युक्रेनमध्ये जुलै. गवताचा महिना क्रोएशियात एप्रिल, युक्रेनमध्ये मे. दक्षिणेत ऊब लवकर येते, त्यामुळे हे पटतं. पण पानगळ ऊबदार मुलखात आधी व्हायचं कारण नाही, आणि फुलांचा महिना पोलंडमध्ये एप्रिल तर चेकमध्ये मे, हेही हवामानात बसत नाही. तेव्हा हवामानावर सगळा भार टाकू नका. ही नावं आधी ऋतूची होती, एका ठरावीक महिन्याला ती पुढे चिकटली.

रशियन, सर्बियन, बल्गेरियन आणि स्लोव्हाक लोक लॅटिनमधून आलेली नावंच वापरतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना हा प्रश्न येत नाही. किड्याच्या महिन्यासाठी (चेक आणि युक्रेनियन 'चेर्वेन', पोलिश 'चेर्व्येत्स', तिन्हीकडे जून) प्रश्न ४ पाहा.

९. स्लोव्हेनियात मुलाला 'ओत्रोक' म्हणतात आणि चेकमध्ये तोच शब्द गुलामासाठी आहे. हे खरं आहे का?

खरं आहे. रशियनमध्ये 'ओत्रोक' म्हणजे किशोरवयीन मुलगा, शब्द आता जुनाट वाटतो. प्रश्न ७ मधल्या 'रोक'चा, बोलण्याचा, धातू इथेही आहे, आणि पुढे नकारासारखा उपसर्ग. ज्याला बोलायचा हक्क नाही तो 'ओत्रोक'. घरात असा कोण? लहान मूल, आणि गडी. एकाच चुलीपाशी दोघेही गप्प बसलेले. पुढे स्लोव्हेनियननं मूल ठेवलं, चेकनं गुलाम ठेवला. जुन्या काळी घरात कुणाला आवाज होता आणि कुणाला नव्हता, हे मला कुठल्याही इतिहासापेक्षा या एका शब्दात जास्त स्पष्ट दिसतं.

१०. पोलंडमध्ये दुकानावर 'स्क्लेप' लिहिलेलं असतं. रशियन माणूस आत जायला का कचरतो?

कारण रशियनमध्ये 'स्क्लेप' म्हणजे थडग्याची तळखोली. चेकमध्ये तळघर, स्लोव्हेनियनमध्ये निर्णय किंवा निष्कर्ष. मूळ कल्पना जोडून बंद करण्याची, त्यातून कमानदार छत. अशा छताखाली पोलिश व्यापारी माल मांडत, चेक लोक साठवण करत आणि रशियन लोक मृतांना ठेवत. स्लोव्हेनियन लोक त्याच शब्दानं बोलणं मिटवतात.

'स्तोल' असाच. रशियन, पोलिशमध्ये टेबल. बल्गेरियन, स्लोव्हेनियनमध्ये खुर्ची. 'स्तोलित्सा' रशियन, पोलिश आणि बल्गेरियनमध्ये राजधानी, सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये खुर्ची. राजा बसतो ते आसन, आणि ते आसन जिथे आहे ते शहर. सातारची गादी, कोल्हापूरची गादी म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

११. बाजारात फळं-भाज्यांची नावं जुळत नाहीत. काय लक्षात ठेवू?

चेक आणि पोलिश 'ओवोत्से' म्हणजे फळं, रशियन 'ओवोश्शी' आणि युक्रेनियन 'ओवोची' म्हणजे भाज्या. क्रोएशियन 'वोचे' पुन्हा फळं.

वेलीवरच्या फळांचं मात्र शांतपणे घ्यावं लागतं. रशियन, पोलिश 'आर्बूझ' म्हणजे कलिंगड, युक्रेनियन 'हार्बूझ' म्हणजे भोपळा. युक्रेनमध्ये कलिंगडाला 'कावून' म्हणतात, आणि तुर्कीत कावून म्हणजे खरबूज. 'दिन्या' रशियनमध्ये खरबूज, पोलिशमध्ये भोपळा, बल्गेरियनमध्ये कलिंगड. 'आर्बूझ' हा आपल्या 'खरबूज'चाच भाऊ, दोन्ही फारसीतून निघाले. बाजारात बोट दाखवून मागणं सगळ्यात सुरक्षित.

१२. मग परके, उसने शब्द तरी सगळीकडे सारखे असतील?

तेही नाही, खरबुजानं दाखवलंच. फारसी 'दिवाण' तुर्कीमार्फत युरोपात गेला. रशियनमध्ये तो सोफा झाला, पोलिशमध्ये गालिचा. आपल्याकडे दिवाण म्हणजे कारभारी, बसायचा दिवाणही, शिवाय दिवाणखाना आणि दिवाणी दावा. दरबारातली बैठक, तिथलं अंथरूण, तिथला माणूस आणि तिथला कज्जा, ज्याला जे दिसलं ते त्यानं उचललं.

१३. 'झापोम्नित्य' म्हणजे लक्षात ठेवणे की विसरणे?

रशियनमध्ये लक्षात ठेवणे, बल्गेरियन 'झापोम्न्या'सुद्धा तसाच. पोलिश 'झापोम्न्येच' आणि चेक 'झापोमेनोउत' म्हणजे विसरणे. धातू आपल्या 'मन', 'मती'मधला. फरक 'झा' या उपसर्गाचा आहे. तो कधी 'पक्कं बसवणे' सांगतो, कधी 'पलीकडे, मागे टाकणे'. स्लाव्हिक क्रियापदांत उपसर्गावर आंधळा विश्वास ठेवू नये, ही माझी नेहमीची सूचना.

१४. बल्गेरियात 'नाप्रावो' सांगितलं, मी उजवीकडे वळलो आणि चुकलो. का?

रशियन आणि पोलिशमध्ये ते उजवीकडे, बल्गेरियनमध्ये सरळ. बल्गेरियन उजवीकडे म्हणजे 'नाद्यास्नो', आणि त्यातला 'देस्न' हा 'दक्षिण'चा नातेवाईक. पूर्वेकडे तोंड केलं की दक्षिण उजव्या हाताला, असं लक्षात ठेवा.

१५. सगळ्या जोड्यांचं मूळ एकच असतं का?

नाही. बल्गेरियन 'मायका' म्हणजे आई, तो 'मातृ'च्या कुळातला. रशियन 'मायका' म्हणजे बिनबाह्यांचा बनियन, त्याचा आईशी संबंध नाही. बल्गेरियन 'बुल्का' नववधू, रशियन 'बुल्का' गोलसर पाव, हेही निव्वळ योगायोगानं सारखे. अर्थांमध्ये वाट सापडत नसेल तर ओढूनताणून शोधू नका.

१६. चेक आणि स्लोव्हाक तर १९९२ अखेरपर्यंत एकाच देशात होते. त्यांच्यातही असं होतं?

होतं, थोडं. चेक 'होर्की' म्हणजे गरम, स्लोव्हाक 'होर्की' म्हणजे कडू. धातू जळण्याचा, आपला 'घाम' ज्या 'घर्म'पासून आला त्याच घरातला. कडू चव जीभ जाळते म्हणून दुसरा अर्थ. चेक 'खुदी' म्हणजे गरीब, स्लोव्हाक 'खुदी' म्हणजे बारीक. पण दोन्हीकडचे लोक एकमेकांचं दूरदर्शन पाहत वाढले, त्यांना दोन्ही अर्थ माहीत असतात. फसतो तो बाहेरून येऊन यातली एकच भाषा शिकलेला.

१७. रशियन संस्कृतपासून निघाली असा मजकूर फिरतो. खरं काय?

निघाली नाही. दोन्ही एकाच फार जुन्या भाषेच्या वंशज, म्हणजे चुलत बहिणी. 'नेबो' आणि 'नभ', 'ओगोन' आणि 'अग्नी' ही नाती खरी आहेत, आई-मुलीची नाहीत. आणि नातं खरं असलं तरी अर्थ जुळेलच याची हमी नाही, प्रश्न ५ मध्ये पाहिलंच.

१८. लाज वाटेल अशा चुका कोणत्या?

तीन सांगतो. सर्बियन 'पोनोस' म्हणजे अभिमान, रशियनमध्ये जुलाब. क्रोएशियन 'त्रुद्ना' म्हणजे गरोदर, रशियनमध्ये त्याच रूपाचा अर्थ अवघड. पोलिशमध्ये 'शुकाच' म्हणजे शोधणे, पण त्याच्याशी जुळणारं चेक क्रियापद अश्लील आहे. पोलिश येत असेल तर चेक माणसाला काही शोधताय असं सांगताना हा शब्द टाळाच.

१९. युक्रेनियन आणि रशियन दोन्ही येणारी माणसं 'रोदिना' कुठल्या अर्थानं म्हणतात?

रशियनमध्ये 'रोदिना' म्हणजे मातृभूमी, बल्गेरियनमध्येही. युक्रेनियनमध्ये कुटुंब, चेकमध्ये तसंच, पोलिशमध्ये 'रोजिना'. दोन्ही भाषा येणारा माणूस ज्या भाषेत वाक्य सुरू करतो, त्या भाषेचा अर्थ धरतो, आणि त्याची सहसा गल्लत होत नाही. आपली होते. खार्किव्हमध्ये शिकलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या घरमालकीणबाईंनी २०२२ च्या फेब्रुवारीनंतर निरोप पाठवला की 'रोदिना' सुखरूप आहे. तिनं तो देशाबद्दल समजून मला विचारलं. निरोप युक्रेनियनमध्ये होता. बाईंची मुलं आणि नातवंडं सुखरूप होती.